का, ते विचारायचं नाही

पाऊस तिरका होता आणि वाराही त्याच्याच बाजूचा. त्यामुळे खिंड उतरून स्कार्वबूच्या लाकडी घरापाशी पोचेपर्यंत तिरिलचं डावं अंग निथळत होतं आणि उजवं जवळपास कोरडं होतं. डाव्या कानावर हात दाबून धरलेला, त्या हाताची बोटं तर तिची उरलीच नव्हती. दुसऱ्या हाताने तिनं किल्ली काढली, डोंगरातल्या अशा सगळ्या घरांना चालते ती, आणि खांद्यानं दार ढकललं.

आत कुणी नव्हतं. पण पाण्याची बादली काठोकाठ भरलेली होती, आणि लोखंडी चुलीत जाळ मांडून ठेवलेला होता.

त्यात नवल काही नव्हतं. या घरांना राखणदार नसतो. जाणारा येणाऱ्यासाठी पाणी भरतो, लाकडं फोडतो, चूल रचून ठेवतो. येणाऱ्याची बोटं गोठलेली असली तरी त्यानं फक्त काडी ओढायची. तिरिलही लहानपणापासून हे करत आली होती. पण अशी चूल तिनं कधी पाहिली नव्हती. बर्चच्या सालीवर चार-पाच काटक्या, आणि प्रत्येक काटकी सुरीनं इतकी नाजूक तासलेली, की पापुद्रे सुटले नव्हते, नुसते कुरळे होऊन टोकाशी फुलले होते. काटक्या कसल्या, पिसंच ती! शेजारी काडेपेटी, तीतून एक काडी मुद्दाम बाहेर डोकावणारी.

ती चुलीपुढे उकिडवी बसली. काडी हातात घेतली. आणि... पेटवायला जीवच होईना.

"पेटव की," मागून कुणीतरी म्हणालं. "जाळायलाच केलंय ते."

ती दचकून वळली. दारात एक उंच मुलगा उभा होता. टोपीतून, दाढीतून, पाठीवरच्या पिशवीतून – सगळीकडून पाणी गळत होतं.

"हे तू केलंस?"

"हो."

"एवढं नटवायची काय गरज होती? चूल आहे ती, नवरी नाही."

"सकाळी वेळ होता." तो बूट काढायला वाकला. म्हणून त्याचं हसू तिला दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं.

"मग परत का आलास?"

"धुराड्याची झडप लावली की नाही, ते आठवेना. वरच्या तळ्यापर्यंत गेलो होतो. म्हटलं, बघून यावं."

तिरिलनं मान वर करून पाहिलं. "लावलेलीच आहे की."

"हो का? बरं झालं, खात्री झाली." आणि जायचं नाव न काढता त्यानं पिशवी खुंटीला अडकवली.

त्याचं नाव हालवार. सुतार होता, बहुतेक छपरांची कामं करायचा. ती त्रोन्हाइम शहरातल्या वृद्धाश्रमात कामाला होती. किटलीत कॉफी उकळली, तपकिरी चीज आणि कडक पावाचे तुकडे बाहेर आले. चुलीवरच्या दोरीवर चार मोजे वाळत पडले, आधी अंतर राखून, मग जागा पुरेना म्हणून एकमेकांना चिकटून.

"शहरात बसमध्ये भेटला असतास ना," ती म्हणाली, "तर मी तुझ्या शेजारच्या जागेवर बसलेसुद्धा नसते."

"मी पण नसतो बसलो. दोन जागा रिकाम्या ठेवून उभा राहिलो असतो."

"वर डोंगरात मात्र सगळ्यांना कंठ फुटतो."

"सगळ्यांना नाही. मी तर सकाळपासून एक मेंढी सोडली तर कुणाशीच बोललो नव्हतो."

"काय म्हणाली मेंढी?"

"म्हणाली, मागे जा. झडप राहिली असेल."

तिरिल इतकी हसली की कॉफी तिच्या नाकात गेली. तो उठून फडकं शोधू लागला. फडकं समोरच होतं, पण ते त्याला बराच वेळ दिसेना...

"आता खरं सांग," नाक पुसत ती म्हणाली. "झडपेसाठी आलास?"

हालवारनं कपात पाहिलं. "तळ्यावरून खाली बघितलं, तर एक लाल ठिपका खिंड उतरत होता. एका कानावर हात धरून. बराच वेळ बघत राहिलो. मग वाटलं – आपली पिसं कोण जाळतंय, ते तरी बघून यावं."

बाहेर पाऊस छपरावर बोटं वाजवत होता. तिरिल नुसती दोरीवरच्या मोज्यांकडे बघत राहिली.

*

पुढची वर्षं त्यांनी पाठीवर वाहिली. हिवाळाभर तिनं आजी-आजोबांना औषधं द्यायची, त्यानं बर्फाखालची छपरं दुरुस्त करायची. दिवस मोठा झाला की दोघांच्या दोन पिशव्या भरायच्या आणि निघायचं. भाड्याची खोली सोडून द्यायची, सामान त्याच्या आईच्या तळघरात. स्कॉटलंडच्या दलदलीत गुडघ्यापर्यंत रुतले. किर्गिझ डोंगरात घोडीचं दूध प्यायले आणि दोघंही रात्रभर बाहेर-आत करत राहिले. जपानमध्ये शिखरावरच्या टपरीत नूडल्स खाताना हालवार म्हणाला, "आता लग्न करूया का? हे संपलं की?" ती म्हणाली, "हे म्हणजे वाटी की प्रवास?" तो म्हणाला, "वाटी. प्रवास कशाला संपतोय!"

त्यांचं भांडणही त्याच वाटांवर झालं. घरच्याच डोंगरात, वसंतातल्या मऊ बर्फावर. तिरिलला उताराचा रंग आवडला नव्हता. ती म्हणाली, "परतूया." तो म्हणाला, "का? काय दिसलं तुला?" तिला ते शब्दांत सांगता येईना.  त्यानं खोदून खोदून विचारलं, ती चिडली, मग तोही चिडला. आणि दोघं तिथंच उभं राहून तावातावानं बोलत असताना समोरचा अख्खा उतार आवाज न करता बसला आणि घसरत खाली गेला. वाद जरा आधी संपून ते पुढे निघाले असते, तर...

त्या संध्याकाळी हालवारनं नियम केला. डोंगरात मागे फिरण्यात कमीपणा नसतो, हे तर त्यांच्याकडे शाळेतच शिकवतात. हालवार त्याच्या एक पाऊल पुढे गेला. "यापुढे दोघांपैकी कुणीही ‘परतूया’ म्हणालं की दुसऱ्यानं वळायचं. तिथल्या तिथं. का, ते विचारायचं नाही. नंतरही नाही."

"नंतरही नाही?"

"नंतर विचारणार हे माहीत असलं, तर माणूस आधीच कारण शोधत बसतं. आणि कारण सापडेपर्यंत गप्प राहतं."

धोका डोळ्यांपुढे नव्हता तेव्हाही हा नियम त्यांनी पाळला. पाळला म्हणजे काय, मिरवलाच. ओळखीची जोडपी वाटेवर हमरीतुमरीवर यायची, तेव्हा हे दोघं एकमेकांकडे चोरून बघायचे. भारी अभिमान होता त्यांना, त्या नियमाचा.

जॉर्जियात स्वानेतीच्या डोंगरात तो नियम तिनं पाळला, तो दिवस तिरिलच्या चांगला लक्षात राहिला. आकाश धुतल्यासारखं होतं. शिखर हाकेच्या अंतरावर. ती अरुंद धारेवर पुढे होती, दोन्ही बाजूंना नुसती हवा, आणि तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं. मागून हालवारचा आवाज आला. "परतूया."

ती वळली. तिथल्या तिथं. शिखराकडे पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. उंचीनं त्याचं डोकं धरलं असेल, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

ज्या घरी ते उतरले होते, तिथल्या मालकीणबाई, नानुली, संध्याकाळी चीज भरलेली गरम रोटी ताटात आपटत म्हणाल्या, "काय रे पोरांनो, डोंगर चावला का? एवढ्या चांगल्या दिवशी वाटेतनंच आलात!" हालवार नुसता हसला. त्याचं हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नव्हतं. तिरिलला ते दिसलं. तिच्या ओठांवर प्रश्न आलासुद्धा. मग तिनं तो रोटीच्या घासाबरोबर गिळला, आणि स्वतःची पाठ थोपटली.

*

इल्वा जन्मली तेव्हा खिडकीबाहेर मार्चचा घट्ट बर्फ होता.

त्यांच्याकडे तान्ही बाळं दुपारची बाहेर झोपतात. लोकरीत गुंडाळून, बाबागाडीत, व्हरांड्यात. थंडीतच गाढ झोप लागते म्हणतात, आणि लागतेही. गल्लीतल्या प्रत्येक दारापुढे अशी एकेक बाबागाडी उभी असायची, आणि आत आया निवांत कॉफी पीत बसायच्या. तिरिलही कॉफी करायची. कप हातात घेऊन खिडकीशी उभी राहायची. कॉफी गार व्हायची. गाडीवरचं पांघरूण हललं की छातीत धस्स व्हायचं, नाही हललं की त्याहून जास्त. मग ती मोज्यांवरच बर्फात धावायची, इल्वाच्या नाकाखाली बोट धरायची. श्वास गरम लागायचा. आत येऊन दार लावेपर्यंत ते बोट गार झालेलं असायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून...

"अगं, आम्ही सगळे बाहेरच झोपून मोठे झालो," हालवारची आई म्हणायची. "कोण पळवून नेतंय तिला? बस जरा."

ती बसायची. खुर्चीच्या कडेला.

दवाखान्यातली नर्स विचारायची, "झोप होते ना? सगळं ठीक?" तिरिल म्हणायची, "छान." खोटं बोलायचं असं तिनं ठरवलं नव्हतं. पण एवढी दुनिया पायाखाली घातलेली बाई, एवढ्या दऱ्या वाकून पाहिलेली – तिनं काय सांगायचं? की मला माझ्याच व्हरांड्याची भीती वाटते?

हालवारनं इल्वासाठी पाठीवर न्यायची खुर्ची आणली. जवळच्या टेकडीवर निघाले, तर झाडं संपतात तिथं तिरिल म्हणाली, "परतूया." तो वळला. पुढच्या रविवारी ती गाडीतळावरच म्हणाली. तो वळला. एकदा जिन्यात म्हणाली. त्यानं पायात चढवलेला बूट काढून ठेवला आणि इल्वाला वॅफल करून दिलं.

मग जॉर्जियाची तिकिटं काढली. तिरिलनंच काढली, हट्टानं. तिला वाटलं, एकदा विमानात बसलं की हे आपोआप मागे राहील. नानुलीबाईंनी कळवलं होतं, पाळणा माळ्यावरून काढून धुऊन ठेवलाय, माझीच पाचही पोरं त्यात झोपलीत. विमानतळावर तपासणीच्या रांगेत इल्वा तिच्या कडेवर होती, तिच्या कानाशी खेळत होती. रांग एक पाऊल पुढे सरकली. तिरिल सरकली नाही.

"परतूया," ती म्हणाली.

हालवारनं तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याचे ओठ उघडले...

विचार, तिरिल मनात म्हणाली. आज विचार रे. नियम गेला उडत. तू ‘का’ म्हण फक्त – मी इथं, या सगळ्यांच्या देखत फरशीवर बसेन आणि तुला सगळं सांगेन. बोटाचं, श्वासाचं, व्हरांड्याचं. आणि मग डोळे पुसून कदाचित विमानातही चढेन.

त्याचे ओठ मिटले. त्यानं दोन्ही पिशव्या उचलल्या. "चल," तो म्हणाला. अगदी मऊपणानं.

परतीच्या रेल्वेत त्यानं इल्वाला मांडीवर घेऊन खिडकीतून गाई दाखवल्या. खाडीचं पाणी चकचकत होतं. तिरिल स्टेशनामागून स्टेशन वाट बघत राहिली. पण हालवार शब्दाचा पक्का होता.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण झालंच नाही. पिशव्या तळघरात गेल्या. तिची परतायची वेळ येऊच नये, म्हणून त्यानं कुठं निघायचं नावच काढलं नाही. छपरांची कामं लांबलांबची घेऊ लागला. एकदा चाचरत म्हणाला, "मी एकटाच काही दिवस... जाऊन येऊ?" ती म्हणाली, "जा की." जाऊ नकोस, हे तिच्या डोळ्यांत होतं. पण डोळ्यांतलं वाचून विचारायचं असतं, ही सवयच दोघांची मोडली होती. पुढे ते वेगळे झाले तेही असेच, आवाज न करता. एक आठवडा इल्वा त्याच्याकडे, एक तिच्याकडे. शेजारीपाजारी कौतुक करायचे – किती समजूतदार आहेत दोघंही!

*

इल्वा शाळेत जाऊ लागली त्याच शरदात हालवारनं सांगितलं, तो उत्तरेला जाणार. सेन्या बेटावर. तिथं गुनवोर होती. शाळेत संगीत शिकवायची, वर्षभर दोघांचं जाणं-येणं चालू होतं. इल्वा आता सुट्ट्यांपुरती त्याच्याकडे जाईल.

"त्याआधी तिला एकदा स्कार्वबू दाखवतो म्हणतो," तो फोनवर म्हणाला. "एकच मुक्काम. शरदाच्या सुट्टीत. जपून नेईन."

"मीही येते," तिरिल म्हणाली.

"ये की."

तेव्हाही त्यानं ‘का’ म्हटलं नाही. उत्तर तिच्याजवळ तयार होतं. एकच वाक्य, भांडी घासताना, बसमध्ये, वृद्धाश्रमातल्या आजींच्या वेण्या घालताना घोटून घोटून गुळगुळीत केलेलं. जाऊ नकोस, पुन्हा निघूया, तिघं. तो मुक्काम संपला की तो जाणार होता. बोलायचं तर स्कार्वबूतच.

स्कार्वबूत त्या दिवशी त्यांच्याशिवाय कुणीच नव्हतं. बुटक्या बर्चची पानं पिवळीजर्द झाली होती, पाऊस थेंब-थेंब होता. इल्वानं चूल पेटवली, वाटाण्याचं सूप सांडवलं, झोपायच्या वरच्या फळीवर चढून "मी इथंच राहणार आता, शाळेत कळवून टाका" असं जाहीर केलं आणि ते म्हणता म्हणताच झोपली.

बाहेर अजून उजेड रेंगाळत होता. हालवार उद्याच्या माणसासाठी काटक्या तासायला बसला. कुरळे पापुद्रे फुलू लागले, काही खाली वाळत घातलेल्या बुटांच्या रांगेवर उडू लागले.

"अजून नटवतोस," तिरिल म्हणाली.

"अजून नवरीच म्हणतेस की नाही?"

दोघं हसले, आणि मग हसू कुठं ठेवायचं ते दोघांनाही कळेना.

"हालवार." तिनं कप खाली ठेवला. "विमानतळावर... तू मला का नाही विचारलंस?"

सुरी थांबली.

"नियम होता," तो म्हणाला.

"मला माहितीये नियम होता! मी काय विचारतेय? तुझे ओठ हलले होते. मी पाहिलं."

"विचारणार होतो. मग वाटलं, जर विचारलं, तर तुला वाटेल मी भरवसा सोडला. एवढ्या वर्षांत तोच तर एक... आपल्याजवळ दुसऱ्या कुणाजवळ नव्हतं असं तेवढंच होतं, तिरिल. ते मी कसं मोडणार होतो?"

"मोडायला हवं होतंस."

"हं." त्यानं काटकी फिरवली. "तू मोडलास का कधी?"

तिला कळेना.

"स्वानेती," तो म्हणाला. "शिखर तिथं समोर होतं."

"तुझं डोकं दुखत होतं ना? उंचीमुळे..."

"डोकंबिकं काही दुखत नव्हतं. तू पुढे चालली होतीस धारेवर. गुणगुणत होतीस काहीतरी. वाऱ्यानं तुझं जाकीट फुगलं, आणि मला एकदम दिसलं की ही इथून गेली तर... बस्स. पाय उचलेना. त्याआधी मला कधी भीती वाटलीच नव्हती गं. हसू नकोस. दोन रात्री झोपलो नाही. तुझ्या नाकाखाली बोट धरून बसायचो."

तिरिल हसली नव्हती. तिनं आपल्या उजव्या हाताचं बोट मुठीत घट्ट धरलं होतं.

"सांगायचंस की रे," ती म्हणाली.

"तू विचारशील असं वाटलं होतं. त्या म्हाताऱ्या नानुलीनंसुद्धा विचारलं. तू रोटी खात होतीस."

चुलीत एक लाकूड मोडून पडलं. वर इल्वानं कूस बदलली, दोघांच्याही माना एकदमच वर गेल्या, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं.

"मीही," तिरिल म्हणाली. "इल्वाच्या. मीही बोट धरायचे. रात्रंदिवस. वेड लागल्यासारखी."

सुरी खाली ठेवून हालवारनं दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासले. एकाच भीतीशी दोघं एकेकटे झगडले होते, एकाच छपराखाली, मधे एक सभ्य नियम ठेवून. आता ते सगळं चुलीपुढे पसरलं होतं आणि त्याचं करायचं काय, हे कुणालाच कळत नव्हतं.

आता बोल, तिरिलनं स्वतःला बजावलं. वाक्य जिभेच्या टोकावर आलं.

"ती विचारते का तुला?" तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"कोण? गुनवोर?" त्याचा चेहरा नकळत उजळला. त्यानं तो लपवायचा प्रयत्न केला, त्यामुळे जास्तच दिसला. "विचारते म्हणजे! मोजे उलटे का वाळत घातलेस, इथपासून सुरुवात. आधी मला पळून जावंसं वाटायचं. तिला म्हटलं, बाई, तू पोलिसांत का नाही गेलीस? तर म्हणते, तू आधी उत्तर दे..."

तो बोलता बोलता थांबला.

तिरिलनं ते उजळणं पाहिलं होतं. तिनं घोटलेलं वाक्य परत आत ठेवलं.

"मग देत जा उत्तरं," ती म्हणाली. "खरीखरी दे. झडप-बिडप सांगू नकोस तिला."

*

सकाळी ढग उंच गेले होते. इल्वानं बादली भरली, निम्मी स्वतःच्या विजारीवर. हालवारनं चुलीत पिसं रचली, इल्वानं काडेपेटीतून एक काडी बाहेर काढून ठेवली, आणि झडप लावली की नाही ते तिघांनी पाहिलं.

खिंडीपलीकडच्या रस्त्यावर गुनवोर गाडी घेऊन येणार होती, त्यामुळे हालवार वर जाणार होता आणि या दोघी खाली. त्यानं इल्वाला उचलून गोल फिरवलं, तिच्या टोपीत तोंड खुपसलं.

"सेन्याला देवमासे दिसतात, बाबा?"

"दिसतात. नसले तर मी पोहतो, तू बघ."

मग तो तिरिलसमोर उभा राहिला. "तिरिल..."

"निघ," ती म्हणाली. "ढग खाली येतील परत."

तो निघाला. त्याच्या चालण्यात घाई नव्हती, पण तो थांबलाही नाही. दोघी ओढ्याच्या काठानं उतरू लागल्या. वारा डावीकडूनच होता. इल्वा आधी बडबडली, मग गप्प झाली, मग मागे मागे राहू लागली. पुलापाशी ती थांबलीच.

"आई. परतूया."

तिरिलचे पाय वळलेसुद्धा. इतक्या वर्षांची सवय... अंग अर्धं फिरलं, एक बूट चढाच्या दिशेनं पडला. बाबा गेल्याचं दुःख झालं असेल, पोरगी रडेल आता, हे सगळं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं.

मग ती थांबली. तिथंच, ओल्या गवतात, इल्वापुढे गुडघे टेकून बसली.

"का गं?"

इल्वानं डोळे मोठे केले. "का, ते विचारायचं नसतं. बाबा म्हणतो."

"मी विचारतेय. का?"

"बुटात टोचतंय."

"...एवढंच?"

"खूप टोचतंय! स्कार्वबूला जाऊन काढूया म्हटलं. तिथं बाक आहे ना."

तिरिलनं तिला पुलाच्या फळीवर बसवलं. नाडी सोडली, बूट काढला, मोजा उलटा केला. आतून एक लाकडाचा पापुद्रा पडला. कुरळा, पातळ, बर्चचा वास अजून तसाच.

"बाबाचं पीस!" इल्वा ओरडली, आणि तिनं ते फुंकरीनं ओढ्यावर सोडून दिलं. वारा होताच. ते पाण्याला न टेकता बरंच लांब गेलं.

"आता परतायचं का?" तिरिलनं विचारलं.

"कशाला? आता कुठं टोचतंय!"

बूट चढवून झाला. उभं राहताना तिरिलनं वर पाहिलं. खिंडीच्या तोंडाशी एक ठिपका थांबलेला होता. खाली बघत असावा. वारा कानात शिरत होता. तिचा हात सवयीनं डाव्या कानाकडे गेला, आणि कानावर न टेकता तसाच वर, उंच गेला.

ठिपका हलला. त्याचाही एक हात वर झाला, थोडा वेळ राहिला. मग खिंड नुसतीच खिंड उरली.

"आई, हात का वर केलास?" इल्वानं विचारलं.

तिरिलनं तिचा ओला, चिकट पंजा हातात घेतला.

"सांगते," ती म्हणाली. "चल, उतरता उतरता सगळं सांगते."